डॅशबोर्डवरचे बांगडे

मासे वाळवायला मला कोणी शिकवायचं? मला? वसईच्या माणसाला?

हे मी डेलियाला म्हणालो. मिस्सा संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात डोनट आणि आजूबाजूला अर्धी पॅरिश ऐकतेय, अशा वेळी म्हणालो. एकट्यात म्हणालो असतो तर आज मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

डेलिया आमच्या पॅरिशमधल्या फिलिपिनो मंडळींची पुढारी. हॉस्पिटलात नर्स आहे, कॉयरमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत गाते आणि कोणाच्याही घरी बारसं असो की मयत, ट्रेभर खाणं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचते. पुढच्या रविवारी पॅरिशची पिकनिक होती आणि ती त्यांच्याकडच्या दाइंगबद्दल सांगत होती. मासा पाठीतून उभा चिरायचा, पुस्तकासारखा उघडायचा, मिठाच्या पाण्यात मुरवायचा, थोडं ऊन दाखवायचं आणि तळायचा. सोबत व्हिनेगर, लसूण आणि भात, वर कॉफी, की झाला नाश्ता.

"थोडं ऊन?" मी म्हणालो. "थोडं का? खडखडीत वाळवायचा! बोटाने वाजवला तर टकटक आवाज आला पाहिजे!"

"नो, नो, कुया व्हिन्सेंट." (फिलिपिनो लोक मोठ्या भावाला कुया म्हणतात. डेलिया माझ्यापेक्षा चांगली सहा वर्षांनी मोठी आहे, पण ते असो.) "हाफ ड्राय. ओन्ली हाफ! इट मस्ट बेंड."

"अर्धवट वाळवण्याला आमच्याकडे काम अपुरं सोडणं म्हणतात."

लोक हसले. लोक हसले की मी वाहवतो.

"या पिकनिकला तुमचं दाइंग मी करून आणतो. घरी केलेलं! खाऊन सांग, फिलिपिन्सचं आहे की गिरीजचं!"

*

थांबा. इथे एक दुरुस्ती करायला हवी.

मी वसईचा, हे खरं. पण वसईतल्या गिरीजचा. आमची केळीची वाडी. माझ्या बापाने, त्याच्या बापाने, कोणीही कधी मासा वाळवला नाही. आमच्या घरी सुकी मासळी पावसाळ्याच्या आधी कोळणीच्या टोपलीतून, वाळूनच यायची. मी आयुष्यात वाळवलेली एकमेव गोष्ट म्हणजे बनियन.

मासे वाळवणाऱ्यांच्या घरची आमच्या संसारात एकच व्यक्ती आहे. माझी बायको रिटा. पाचूबंदरची, कोळ्यांची मुलगी.

आता पुढे.

*

"घरात नाही," रिटा म्हणाली.

मी अजून काही विचारलंही नव्हतं! फक्त पिशवीतून बांगडे बाहेर काढले होते.

"अगं, ऐक तरी. बेसमेंटमध्ये एक दोरी..."

"बेसमेंटमध्ये कपडे वाळतात."

"मग बॅकयार्डमध्ये?"

आमची मुलगी ऑलिव्हिया फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, द रकून्स विल लिटरली मूव्ह इन."

"हे बघ व्हिन्सेंट," रिटा म्हणाली, "बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून टांगून मी लहानाची मोठी झाले. दप्तराला वास, केसांना वास, फर्स्ट कम्युनियनच्या झग्याला वास! मी कॅनडाला कशासाठी आले असं तुला वाटतं?"

"माझ्यासाठी?"

"वास नको म्हणून!"

रिटा त्या आठवड्यात एवढी तापलेली का होती, ते सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं ती एका नर्सिंग होमच्या लाँड्रीत नाइट शिफ्ट करत होती. रात्रभर चादरी, दिवसभर पडदे ओढून झोप. रविवारी मिस्सेला उभ्याउभ्या पेंगायची. आता तिला होमकेअरची नोकरी मिळत होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, डॉक्टरकडे न्यायचं. आणि सगळं दिवसा! "मला रात्री झोपायचंय, व्हिन्सेंट," ती म्हणायची, आणि ते अशा आवाजात म्हणायची, जसं दुसरं कोणी हिऱ्याचा हार मागताना बोलेल.

अट एकच. स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. शुक्रवारपर्यंत लायसन्स दाखव, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला.

रोड टेस्टमध्ये रिटा दोनदा नापास झाली होती. गाडी उत्तम चालवते. पार्किंग तर माझ्यापेक्षा चांगलं. पण मान वळवत नाही! लेन बदलताना खांद्यावरून मागे बघायचं, ब्लाइंड स्पॉट तपासायचा, हे तिला पटतच नाही. "आरसा कशाला दिलाय मग?" असं तिने पहिल्या एक्झामिनरला विचारलं होतं. दुसऱ्यालाही विचारलं होतं. पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची होती, म्हणजे काही उपयोग नाही. कोणीतरी आपली टेस्ट रद्द करेल आणि ती जागा आपल्याला मिळेल, या आशेवर ऑलिव्हिया दिवसभर फोनवर ते पान उघडत होती, बंद करत होती, उघडत होती.

अशा घरात मी बांगडे घेऊन आलो होतो.

*

आणि मग मला ती दिसली.

ड्राइव्हवेमध्ये उन्हात उभी. चारही बाजूंनी काच. आत हात घातला तर भाजेल इतकं तापलेलं. माशी शिरत नाही, मांजर शिरत नाही, रकूनला चावी नाही.

आमची गाडी!

मला अक्षरशः घाम फुटला, इतकी ती कल्पना चांगली होती. लोक सोलर ड्रायर विकत घेतात! माझा चार चाकांवर उभा होता! बरं, रिटा म्हणाली होती 'घरात नाही'. गाडी म्हणजे घर नव्हे. मी तिचा शब्द मोडत नव्हतो. फक्त तिला सांगत नव्हतो.

गॅरेजमध्ये बसून मी बांगडे पाठीतून चिरले. पहिला पुस्तकासारखा उघडला. बाकीचे, पुस्तक पावसात भिजून फाटावं तसे. मग मीठ. किचनमधली बरणी नेली असती तर रिटाला कळलं असतं. गॅरेजच्या कोपऱ्यात विंटरमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाची अर्धी गोणी होती. घाबरू नका! तेवढी अक्कल मला आहे.

(नव्हती. डेलियाला सहज फोनवर सांगितलं तेव्हा ती इतक्या वरच्या पट्टीत ओरडली की मी गोणी जागच्या जागी सोडली आणि दुकानातून खायचं मीठ घेऊन आलो. छोटी पिशवी. जास्त मीठ ब्लडप्रेशरला वाईट.)

रात्रभर बांगडे आइसबॉक्समध्ये मिठाच्या पाण्यात झोपले. बुधवारी सकाळी मी त्यांना घेऊन ऑफिसला गेलो.

*

मार्कहॅममधल्या आमच्या ऑफिसचं पार्किंग म्हणजे झाड नसलेलं वाळवंट. एरवी मी शिव्या घालतो. त्या दिवशी सगळ्यात उन्हातली जागा निवडली. केक गार करायच्या जाळीवर बांगडे मांडले, जाळी बेकिंग ट्रेवर ठेवली, ट्रे डॅशबोर्डवर. काचा बोटभर उघड्या. लांबून पाहिलं. सोळा डोळे काचेतून ऑफिसकडे बघत होते. आमच्या टीमपैकी इतकं लक्ष देऊन कोणीही कधी ऑफिसकडे बघत नाही. खूश होऊन मी दार धाडकन लावलं.

लंचला खाली आलो तर काचांवर आतून वाफ. वा! म्हणजे माशातलं पाणी निघतंय! निघून कुठे जातंय, हा प्रश्न मला पडला नाही.

संध्याकाळी दार उघडलं आणि

*

नाही. आधी चारुदत्तबद्दल सांगतो.

चारुदत्त माझ्याच टीममध्ये आहे. पुण्याचा, शाकाहारी, अतिशय सभ्य. त्याची गाडी गॅरेजला होती म्हणून त्या आठवड्यात मी त्याला घरी सोडत होतो. बांगड्यांच्या नादात हे मी साफ विसरलो होतो! मी दार उघडलं, आतून वासाची एक भिंत माझ्या अंगावर कोसळली आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, "चला, निघायचं?"

मी दचकलो. गरम ट्रे घाईने उचलला. ट्रे कलला. आणि ट्रेत साठलेलं सगळं पाणी, मिठाचं, माशाचं, दिवसभर उन्हात उकळलेलं, काचेच्या पायथ्याशी जी लांब फट असते ना, जिथून हवा येते, त्या फटीत गेलं.

गळ्. गळ्. गळ्.

इतका शांत आवाज आणि इतकं मोठं नुकसान मी आयुष्यात एकत्र अनुभवलं नव्हतं. बांगडे इकडेतिकडे घसरले. ते गोळा करून मी मागच्या डिकीत कोंबले. चारुदत्त सगळं बघत होता. पण पुणेकर सभ्य असला की विचारत नाही.

गाडी सुरू झाली. पहिल्या सिग्नलला तो म्हणाला, "व्हिन्सेंट, गाडीत काही... म्हणजे, एखादा प्राणी वगैरे गेलाय का?"

"एसीचा फिल्टर बदलायचाय."

"अच्छा, अच्छा."

दुसऱ्या सिग्नलला त्याचे डोळे पाणावले होते.

"तू मला इथेच सोड. मला जरा चालायचंच होतं."

"अरे, तुझं घर अजून केवढं लांब आहे!"

"हवा छान आहे," चारुदत्त म्हणाला. बाहेर अंगाला शर्ट चिकटवणारा उकाडा होता. तो उतरला आणि चालू लागला. नंतर तो पळू लागला. ऑफिसच्या बॅगसकट.

*

घरी आल्यावर गॅरेजमध्ये डिकी उघडली. बांगडे वाळले नव्हते. शिजले होते! पांढरे पडलेले, कडा वर वळलेल्या. बोटाने वाजवला तर टकटक सोडा, भुगा झाला. आणि एक कमी होता. सात. पुन्हा मोजले. सातच. ट्रे उचलताना पार्किंगमध्ये पडला असणार. सीगल्सनी नेला असेल. मेजवानी झाली त्यांची!

म्हटलं, ठीक आहे. रविवारला अजून वेळ आहे. गाडी दोन दिवस काचा उघडून ठेवू, वास जाईल. दुकानातून तयार दाइंग आणू. जाळी, ट्रे धुऊन ठेवू. कोणाला काही

"मॉम!" घरातून ऑलिव्हियाची किंकाळी. "मॉम! आय गॉट इट! समवन कॅन्सल्ड! टुमॉरो मॉर्निंग!"

मग रिटाचा आवाज. तिला इतक्या आनंदाने ओरडताना मी ऑलिव्हियाच्या जन्मानंतर ऐकलं नव्हतं. ती धावत गॅरेजच्या दारात आली. मी पाठीनेच डिकी बंद केली.

"व्हिन्सेंट! उद्या सकाळी टेस्ट! मिळाली तारीख! शुक्रवारच्या आधी!"

"वा," मी म्हणालो.

"तुला काय झालं? चेहरा का असा?"

"आनंद झाला."

"गाडी जरा पुसून ठेवशील? आतून?"

"हो," मी म्हणालो. "आतून... पुसतो."

*

मी काय काय केलं ते सांगतो.

व्हिनेगरने डॅशबोर्ड पुसला. वास गेला नाही, व्हिनेगरचा वास आला. ऑलिव्हिया म्हणाली की कॉफी वास ओढून घेते. तिला वाटलं मी फ्रिजबद्दल विचारतोय. मी डबाभर कॉफी वाटीत घालून ठेवली. मग लसूण किसून ठेव असं कुठेतरी वाचलं, तेही केलं. त्यानंतर गाडीत बसलो, डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि मला धक्काच बसला.

मासा, व्हिनेगर, लसूण, कॉफी. गाडीत फक्त भात कमी होता! डेलियाने वर्णन केलेला नाश्ता मी इंचाइंचाने तयार केला होता!

दुसरी गाडी? चारुदत्तला फोन केला. त्याने उचलला नाही. ज्या शिकवणी मास्तरकडे रिटा गाडी शिकली, त्याची गाडी सकाळी दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलेली. तारीख सोडली तर नोकरी गेली. रिटाला आत्ताच सांगावं? ती टेबलापाशी बसून ऑलिव्हियाकडून प्रश्न विचारून घेत होती. शाळेतल्या मुलीसारखी.

मी सांगितलं नाही. सकाळपर्यंत वास जाईल, म्हटलं.

सकाळपर्यंत तो पिकला.

*

रिटाने गाडीचं दार उघडलं आणि ती थांबली. एक पाय आत, एक बाहेर. नाक किंचित वर केलं.

"बांगडा," ती म्हणाली.

मी बाहेरचा आरसा पुसू लागलो.

दुसऱ्यांदा हुंगलं. "मीठ कमी घातलंय."

मी तोच आरसा पुन्हा पुसला.

तिसऱ्यांदा हुंगलं आणि तिचे डोळे जे मोठे झाले ते मी कधी विसरणार नाही.

"गाडीत?! व्हिन्सेंट! गाडीत?!"

"तू म्हणाली होतीस घरात नको..."

"आज?! आज, व्हिन्सेंट?!"

शेजारच्या घराचा पडदा हलला. ऑलिव्हिया दारात आली, गाडीपर्यंत पोचायच्या आतच उलटी फिरली आणि म्हणाली, "ओ माय गॉड. नोप."

रिटा रडेल असं मला वाटलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने पर्स मागच्या सीटवर टाकली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि समोर बघत म्हणाली, "बस. माझी नोकरी गेली ना, तर तुला मी पाठीतून उभा चिरीन."

टेस्ट सेंटरपर्यंत आम्ही चारही काचा उघड्या टाकून गेलो.  तिने मान एकदाही वळवली नाही. ब्लाइंड स्पॉटकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच.

*

मी नसलेला प्रसंग

टेस्टच्या वेळी गाडीत फक्त चालवणारा आणि एक्झामिनर. मी बाहेर फुटपाथवर. पण हा प्रसंग रिटाने मला इतक्यांदा ऐकवलाय की मी तो नाटकासारखा म्हणून दाखवू शकतो.

(उंच, पांढऱ्या मिशीचा एक्झामिनर. छातीवर 'प्रेस्टन' असा बिल्ला. गाडीचं दार उघडतो. थांबतो. दार बंद करतो. नंबरप्लेट तपासतो. पुन्हा उघडतो.)

प्रेस्टन : मॅम, इज देअर... समथिंग इन धिस व्हेइकल?

रिटा : फिश. येस्टरडे. नाउ, नो फिश.

प्रेस्टन : आय सी. (बसतो.) इट्स व्हेरी हॉट. कॅन वी टर्न ऑन द एसी?

रिटा : आय वुडन्ट.

प्रेस्टन : प्लीज.

(रिटा एसी लावते. काचेच्या पायथ्याची फट, ज्या फटीत काल सगळं पाणी गेलं होतं ती फट, एक उसासा सोडते.)

दोघे एकदम : जीझस!

(रिटा म्हणते की त्यांतली एक प्रार्थना होती. कोणाची ते सांगत नाही.)

एसी बंद. काचा खाली. प्रेस्टनने डोकं बाहेर काढलं. गाडी निघाली. आणि इथून पुढे जे झालं त्यावर मी अजून विश्वास ठेवू शकत नाही.

रिटाला श्वास घ्यायचा होता. आणि श्वास समोर नव्हता. समोर ती फट होती! श्वास होता डावीकडच्या खिडकीत. म्हणून तिने खांद्यावरून पूर्ण मान वळवून श्वास घेतला. सिग्नल, मान, श्वास, लेन. सिग्नल, मान, श्वास, वळण. उजवीकडे जायचं असेल तर प्रेस्टन अजून जिवंत आहे का हे बघायला तिकडे मान. जी बाई आरशाशिवाय कशावर विश्वास ठेवत नव्हती, ती घुबडासारखी सगळीकडे बघत होती!

"घुबड कोणाला म्हणतोस?" रिटा आत्ता किचनमधून विचारतेय.

"घुबड नाही. कबूतर!"

"आणि ते ब्रेकचं सांग. उगाच मान मान करू नकोस."

ब्रेकचं सांगतो.

एका गल्लीत समोर खार आली. रिटाने झटकन ब्रेक दाबला. गाडी थांबली, खार गेली. पण प्रेस्टनच्या सीटखालून, कोणीही न बोलावता, काहीतरी घसरत पुढे आलं आणि त्याच्या बुटाला टेकून थांबलं.

प्रेस्टन : (पाय वर घेऊन) मॅम! मॅम! इट टच्ड मी!

तो बांगडा होता. आठवा! सीगल्सनी नेलेला!

इथे मी असतो तर मी स्टीअरिंग सोडून पळालो असतो. चारुदत्त तर केव्हाच पळाला होता. रिटाने काय केलं? तिने आधी आरशात बघितलं. मग मान वळवून मागे बघितलं. सिग्नल दिला, गाडी हळू बाजूला घेतली, फुटपाथला समांतर उभी केली, हॅझर्ड लाइट लावले, हँडब्रेक ओढला. मग वाकून, शेपटीला धरून, बांगडा उचलला. पाचूबंदरच्या मुलीने उचलावा तसा, दोन बोटांत.

आणि तिने तो वाकवला.

तो वाकला! तुटला नाही, चुरा झाला नाही. काल सकाळी मी दार धाडकन लावलं तेव्हाच तो जाळीवरून घसरला असणार. सीटखाली, उन्हापासून लांब, बाकीचे सात उकडून मेले तेव्हा हा एकटा निवांत पडून अगदी हवा तेवढाच सुकला होता. अर्धा. ओन्ली हाफ!

प्रेस्टन : व्हॉट... इज... दॅट?

रिटा : माय लंच.

(तिने तो टिश्यूत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. आरसा. मान. सिग्नल. गाडी पुन्हा रस्त्यावर.)

*

मी फुटपाथवर उभा होतो. कोपऱ्यावरून आमची गाडी आली. चारही काचा खाली. एका खिडकीतून रिटाचा चेहरा, दुसऱ्यातून प्रेस्टनची मिशी. गाडी दोन रेषांच्या बरोबर मध्ये थांबली. प्रेस्टन उतरला आणि दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला.

 गेली नोकरी! आता आयुष्यभर नाइट शिफ्ट, आणि ती माझ्यामुळे. एका डोनटमुळे. अर्ध्या पॅरिशला हसवायला गेलो त्यामुळे. मी मनात जपमाळ सुरू केली. पहिल्या मण्याला एवढंच म्हणालो की पास होऊ दे, मी पुन्हा कधी मासा विकतसुद्धा घेणार नाही.

प्रेस्टनने लांब श्वास घेतला. पुन्हा एक घेतला. दोन्ही त्याला फार आवडलेले दिसले. मग तो रिटाकडे वळला.

"मॅम," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत इतकं सतत चौफेर बघणारा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही. आणि ते रस्त्याच्या कडेला थांबणं... तो... प्रसंग. मी असतो तर मला जमलं नसतं." टॅब्लेटवर त्याने काहीतरी दाबलं. "एक्सलंट ऑब्झर्वेशन. यू पास्ड."

रिटाने तोंडावर हात ठेवला. आणि मग ती रडली. काल रात्रीपासूनचं, दोन्ही वेळा नापास झाल्याचं, वर्षानुवर्षांच्या चादरींचं, सगळं एकदम. प्रेस्टन घाबरून आत गेला. मीही थोडा रडलो. वासामुळेही असेल.

मग मला कंठ फुटला.

"रिटा! बघितलंस? मी काय म्हणत होतो! तू मान का वळवलीस? वासामुळे! वास कशामुळे? बांगड्यामुळे! आणि बांगडे गाडीत कोणी ठेवले? म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

रिटाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी 'तसं बघायला गेलं तर' च्या पुढे गेलो नाही.

"चल," ती म्हणाली. "डेलियाकडे जाऊ. एक तरी मासा तिला दाखवण्यासारखा झालाय."

मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो. तिथे रिटा आधीच बसलेली. बरोबर आहे, म्हटलं, आजचा दिवस तिचा. वळसा घालून पलीकडचं दार उघडलं. त्या सीटवर टिश्यू पसरलेला आणि त्यावर बांगडा, नीट, आरामात. त्याच्यावरून सीटबेल्टही ओढलेला.

"हा... मी कुठे बसू?"

"मागे."

"रिटा, अगं, तो मासा आहे. त्याला मागे ठेव ना!"

तिने आरसा नीट केला, सिग्नल दिला.

"टेस्टच्या वेळी माझ्याबरोबर गाडीत तो होता," ती म्हणाली. "तू फुटपाथवर होतास."

मी मागे बसलो. स्वतःच्या गाडीत मागे बसायची माझी पहिलीच वेळ. अपमान झाला म्हणा, हो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मागच्या सीटवर वास बराच कमी येतो.